हातोडी कुठलीही चालत नाही

औंढ्याच्या परिसरात गेली काही वर्षं बंगल्यांची कामं थांबलेली नाहीत. लोणावळ्याला लागून असलेल्या या गावात सुट्टीची घरं उभी राहतात आणि प्रत्येक घरात सुतारकाम असतं. दारांच्या चौकटी, खिडक्या, जिन्याचे कठडे, स्वयंपाकघरातली कपाटं. या कामांवर एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की ते आता कुणाला मत वाटत नाही, नियमच वाटतो. ‘हातोडी ती हातोडी. कुठलीही उचल आणि ठोक.’ ठेकेदार म्हणतात, हार्डवेअरचे दुकानदार म्हणतात, आणि वाईट याचं वाटतं की नुकतीच कामाला लागलेली पोरंही तेच म्हणतात.

हे वाक्य चुकीचं आहे. त्यानं लाकूड खराब होतं, पटाश्या खराब होतात आणि माणसाचा हात खराब होतो. ते निमूट ऐकून घेण्याचे दिवस संपले पाहिजेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो आहे.

हातोडीबद्दल कुणी तक्रार केली की सर्वांत आधी म्हण पुढे येते: नाचता येईना अंगण वाकडं. दांडा जाड आहे, डोकं जड आहे, तोंड घासायला हवं, असं पोरगं म्हणालं की ही म्हण त्याच्या अंगावर टाकली जाते आणि विषय संपतो. म्हण खोटी नाही. ज्याला काम येत नाही तो हत्याराला दोष देतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यावरून अंगणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकालाच नाचता येत नाही, असं ठरत नाही. मैफिलीत तबलावादक डाव्या हाताशी छोटी हातोडी ठेवतो. गट्टे खाली ठोकून सूर चढवतो, वर ठोकून उतरवतो, मग गजऱ्यावर हलके घाव देऊन बारीक फरक काढतो. भरलं सभागृह तेवढा वेळ शांत बसतं. गायकाशी सूर जुळल्याशिवाय पहिली थाप पडत नाही आणि त्याला कुणी अंगणाची म्हण ऐकवत नाही. उलट तो जाणकार आहे म्हणूनच एवढी काळजी घेतो, असं आपण मानतो. सुतारानं तेवढीच काळजी घेतली तर ती सबब कशी ठरते?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालतं. तांब्याच्या भांड्यावर एकासारखे एक घाव घालून पत्रा टणक करायचा आणि त्यातूनच नक्षी उमटवायची, हे ते काम. मठारायच्या हातोडीचं तोंड घासून चकचकीत ठेवावं लागतं, कारण त्यावरचा एक ओरखडा प्रत्येक घावाबरोबर भांड्यावर छापला जातो. गोलाई वेगळी तर तोंडाची गोलाई वेगळी. तांबटाला कुणी जाऊन सांगावं की कुठलीही हातोडी चालते. खडी फोडणाऱ्याच्या घणाला बांबूचा लवचिक दांडा असतो. तो दांडा घावाचा धक्का मनगटापर्यंत पोचण्याआधी स्वतःच्या लवण्यात जिरवतो. उन्हात दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसानं पुस्तक न वाचता काढलेली ही युक्ती आहे. सोनाराची, चांभाराची, लोहाराची हातोडी एकमेकांच्या जागी चालत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. फक्त सुताराच्या बाबतीत ही अक्कल गहाण पडते, आणि दुकानात सर्वांत स्वस्त मिळते म्हणून लोहारकामाची, एका बाजूला गोल बोंड असलेली बॉल पीन हातोडी त्याच्या हातात येते. त्या गोल बोंडाचा सुताराला काही उपयोग नाही. ते रिव्हेटचं डोकं पसरवण्यासाठी असतं.

आता वजनाकडे येतो. ‘जड घे, एका घावात काम होतं’ हा सल्ला इतक्या आत्मविश्वासानं दिला जातो की तो तपासावा असं कुणाला वाटत नाही. शाळेतलं सूत्र आठवावं: घावाची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा ३०० ग्रॅमची हातोडी हातानं सेकंदाला ६ मीटर वेगानं आली, तर घावात ५.४ ज्यूल ऊर्जा असते. ६०० ग्रॅमची हातोडी त्याच हाताला जड पडून ४ मीटर वेगानं आली, तर ४.८ ज्यूल. दुप्पट वजन वाहून घाव हलकाच झाला. वर नेम गेला आणि खांदा दमला तो वेगळा. जड हातोडीला जागा नाही असं मी म्हणत नाही. तिच्या घावात ढकलण्याचा जोर जास्त असतो. चौकटीचं कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाची जीभ, भोकात बसवायचं असेल, दोन जड तुकडे एकमेकांवर आणायचे असतील, तिथे जड आणि संथ घावच हवा. पण पातळ पट्टीवर चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायला ४५० ग्रॅमची हातोडी घेतली तर चूक वाकते, पट्टी चिरते, आणि शेवटच्या घावाला लाकडावर चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. अशा कामाला साधारण २०० ग्रॅमची, मागच्या बाजूला आडव्या पाचरीसारखं तोंड असलेली क्रॉस पीन हातोडी लागते. ते अरुंद तोंड चूक धरलेल्या दोन बोटांच्या मधे बरोबर उतरतं. चूक उभी राहिली की हातोडी फिरवायची आणि रुंद तोंडानं बसवायची. बोटं वाचतात, चूक सरळ जाते.

त्या चंद्रकोरींबद्दल थोडं अजून, कारण बंगल्याबंगल्यांतून त्या दिसतात आणि पॉलिशनंतर जास्तच दिसतात. सुताराच्या हातोडीचं तोंड मधे किंचित फुगीर हवं, कडा मोडलेल्या हव्यात. नवी हातोडी बहुतेक वेळा अशी येत नाही. ती घरी करून घ्यावी लागते. कानशीनं कडा मोडाव्यात, मग पॉलिश पेपरनं तोंड घासावं. ग्राइंडरवर करायचं असेल तर पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत करावं, कारण पोलादावर निळा रंग चढेपर्यंत ते तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि तोंड मऊ पडतं. तोंडावर फेव्हिकॉलचा वाळलेला थर असेल तर तो खरवडून काढावा. पाच चुकांपैकी दोन वाकत असतील तर आधी हातोडीचं तोंड पाहावं. त्या थरावरून घाव निसटत असतो. आणि काँक्रीटचे कडक खिळे या हातोडीनं मारू नयेत. कडक पोलादावर कडक पोलाद आदळलं की कपचा उडतो, आणि तो डोळ्यात गेला तर पुढचं सांगायला नको.

मोगरीबद्दल, म्हणजे पटाशी ठोकायच्या लाकडी हातोड्याबद्दल, बोलताना मात्र मला राग आवरत नाही. ‘मोगरी जुनी झाली, हातोडीनंच मार पटाशी’ हे ऐकून किती पटाश्यांच्या मुठी फुटल्या असतील. लाकडी मुठीच्या पटाशीवर पोलादाचा घाव पडला की मुठीच्या टोकाचे तंतू चुरडतात, टोक पसरतं, मग चिरतं. पसरलेल्या टोकावर पुढचा घाव तिरका बसतो आणि पटाशी आखणीच्या रेषेवरून सरकते. नुकसान मुठीवर थांबत नाही, सांध्यापर्यंत जातं. मोगरीचं लाकूड घावाच्या क्षणी थोडं दबतं. त्यामुळे घाव जरा लांबतो, मोठ्या तोंडावर पसरतो आणि मुठीतून सरळ धारेपर्यंत उतरतो. तोंड मोठं असल्यामुळे काम करणाऱ्याला मुठीकडे बघावं लागत नाही. डोळे धारेवर राहतात, तिथेच ते हवे असतात.

यावर एक चांगला आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळणार नाही. जपानी सुतार पटाशीवर पोलादाचीच हातोडी मारतात, आणि त्यांच्या कामाला नावं ठेवायची कुणाची छाती नाही. खरं आहे. पण जपानी पटाशीच्या मुठीच्या टोकाला लोखंडी कडी ठोकून बसवलेली असते. नवी पटाशी आणली की सुतार ती कडी स्वतः बसवतो आणि कडीबाहेर आलेले तंतू ठोकून मऊ करून तिच्यावर दाबतो. मूठ फुटू नये याची तजवीज आधीच झालेली असते. त्यांच्या हातोडीला बहुधा एक तोंड सपाट आणि दुसरं किंचित फुगीर असतं. सपाट पटाशीसाठी, फुगीर खिळ्याच्या शेवटच्या घावासाठी. म्हणजे जपानचं उदाहरण ‘कुठलीही चालते’ या मताला आधार देत नाही. पटाशी आणि तिच्यावर पडणारा घाव एकमेकांसाठी बनलेले असावेत, एवढंच ते सांगतं. आपल्या पटाशीच्या वरच्या टोकाला लोखंडी शेंबी असेल, किंवा मूठ कडक प्लॅस्टिकची आणि वर पोलादी टोपी असेल, तर खुशाल हातोडी मारा. उघडं लाकूड असेल तर मोगरीच.

आणि मोगरी विकत घ्यायची वस्तू नाही. ती करायची वस्तू आहे. परदेशात ती बीच नावाच्या लाकडाची करतात, म्हणून इथले हौशी लोक बीचची मोगरी मागवतात आणि जड किंमत मोजतात. मावळातल्या माणसानं बीचसाठी थांबायचं कारण नाही. बाभूळ बीचपेक्षा जड आणि चिवट आहे. चिंचेचा गाभा इतका गुंतलेल्या तंतूंचा असतो की खाटीक त्याच्या ओंडक्यावर वर्षानुवर्षं सुरा चालवतो आणि तो फाटत नाही. विदर्भ-खानदेशाकडचा अंजन तर पाण्यात बुडेल एवढा दाट. त्याची मोगरी छोटी केली तरी वजन भरतं. झाड मात्र तोडू नका. चिंच, खैर, अंजन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, आणि एका मोगरीसाठी लावूही नये. वखारीत कडेला पडलेला तुकडा पुरतो. पुण्याच्या भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, तिथे असे तुकडे मागितले तर मिळतात. पावसाळी वाऱ्यात मोडून पडलेली बाभळीची जाड फांदी मिळाली तर तीही चालेल, पण तिच्या मधोमध जाणारा गाभ्याचा दोरा टाळून तुकडा काढावा. तो दोरा आत राहिला तर वाळताना तडा जाणारच. बाहेरचं पांढरं लाकूडही काढून टाकावं. बाभळीच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लगेच लागतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना रंग किंवा मेण फासून तो माळ्यावर ठेवावा आणि विसरून जावा. लोणावळ्याच्या पावसात ओलं लाकूड वाळायला घाई करून चालत नाही. त्याला बुरशी येते, आणि चुलीजवळ नेलं तर ते फाटतं.

आकाराबद्दल सांगतो, कारण दुकानातली मोगरी बहुतेक वेळा ठोकळा असते. डोक्याची दोन्ही तोंडं दांड्याशी काटकोनात नसावीत, खाली हाताकडे थोडी आत कललेली असावीत. आपण मोगरी कोपरातून वर्तुळात फिरवतो. तोंडाची रेघ लांबवली तर ती कोपराच्या आसपास जाऊन मिळाली पाहिजे. तसं असेल तर घाव पटाशीवर सपाट बसतो. कोपर प्रत्येकाचं वेगळ्या अंतरावर असतं, म्हणून हा कल दुसऱ्याच्या मोगरीवर मोजून घेता येत नाही. स्वतः पटाशी उभी धरून, मोगरी टेकवून, पेन्सिलनं खूण करावी लागते. डोक्यातले तंतू एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जावेत, म्हणजे घाव तंतूंच्या टोकांवर पडेल. भोक वर रुंद, खाली अरुंद ठेवावं आणि दांडा वरून घालावा. मग पाचरीचीही गरज उरत नाही. प्रत्येक फिरवणीसरशी डोकं दांड्याच्या रुंद टोकाकडे सरकून घट्ट होतं. एका तोंडावर जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं चामडं चिकटवलं की तयार सांधे जुळवायला वेगळी मोगरी लागत नाही. रबरी मोगरी लोक त्यासाठी घेतात, पण ती उसळते आणि फिक्या लाकडावर काळे डाग सोडते.

दांड्याचा प्रश्न इथल्या हवेत सर्वांत अवघड आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या महिन्यांत लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. मार्च-एप्रिलमध्ये तेच लाकूड आटतं, आणि हातोडीचं डोकं दांड्यावर खुळखुळायला लागतं. मग सगळेजण एकच उपाय सांगतात: रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. सकाळी डोकं घट्ट बसलेलं असतं आणि उपाय सिद्ध झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हा उपाय दांडा मारतो. पोलादी भोक फुगत नाही. फुगणाऱ्या लाकडाला बाहेर जागा नाही म्हणून त्याचे तंतू आतल्या आत चिरडले जातात. पुढच्या उन्हात ते आटले की आधीपेक्षा बारीक होतात, कारण चिरडलेला तंतू पूर्ववत होत नाही. दर वेळी पाणी, दर वेळी थोडा जास्त ढिलेपणा, आणि एके दिवशी डोकं उडून कुणाच्या तरी अंगावर.

‘म्हणूनच तर फायबरचा घे’ असं इथे कुणी म्हणेल. या मुद्द्यात तथ्य आहे. फायबरचा दांडा पावसात फुगत नाही, उन्हात आटत नाही, आणि छपरावर पावसात काम करणाऱ्याला मी तोच घ्यायला सांगेन. पण फायबरचा दांडा रंध्यानं किंवा कानशीनं हाताजोगा करता येत नाही. कारखान्यानं ठरवलेली जाडी घ्यायची आणि हात त्याप्रमाणे वळवायचा. ज्याचा पंजा लहान आहे त्याची बोटं जाड दांड्याभोवती पोचत नाहीत, मग तो दाबून धरतो. दिवसभर दाबून धरलेली मूठ आणि मागे वळलेलं मनगट यातून कोपराचं दुखणं लागतं. त्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण सुतार, रंगारी, प्लंबर यांच्यात ते भरपूर आढळतं. सुतारकाम शिकायला येणाऱ्या मुलींना तर बाजारातल्या बहुतेक हातोड्यांचा दांडा जाडच पडतो. त्यांना ‘तुम्हाला जमणार नाही’ असं सांगणाऱ्यांनी आधी दांडा छिलून पाहावा.

लाकडी दांडा व्यवस्थित बसवला तर मावळातही टिकतो. लाकूड निवडताना पहिली चूक सागाची होते. वखारीत सागाचा तुकडा सहज मिळतो, रंधताना मऊ जातो, दिसतो छान. पण धक्का सोसण्याचा चिवटपणा त्यात कमी, दांडा मधेच तुटतो. सह्याद्रीतलं धामण या कामासाठी जुन्या काळापासून नावाजलेलं आहे. ते लवतं आणि परत येतं. धावडाही चालतो, बाभूळही. वर्तुळं कुठल्या बाजूला यावीत यावर जाणकारांत वाद होतात, पण त्याहून मोठी गोष्ट एक आहे. तंतूंच्या रेघा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेल्या पाहिजेत. मधेच बाजूला बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच चिरणार. म्हणून करवतीनं कापण्यापेक्षा कुऱ्हाडीनं फोडून काढलेला तुकडा चांगला. तो तंतूंच्या वाटेनंच फुटतो.

दांडा बसवायचा तो एप्रिल-मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना. हातोडीच्या डोक्यातलं भोक मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद असतं. दांडा खालून घट्ट जायला हवा आणि वरच्या रुंद भागात पाचरीनं पसरायला हवा. पाचरीची चीर भोकाच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत पुरते. पाचर सुक्या, कडक लाकडाची असावी. दांडा डोक्याच्या वर दोन-तीन मिलिमीटर पुढे राहू द्यावा, म्हणजे पसरलेलं टोक कडेवर अडकतं. उन्हाळ्यात ढिला वाटला तर पाचर अजून थोडी ठोकायची, पाणी दाखवायचं नाही. दांड्याला, विशेषतः वरच्या उघड्या टोकाला, जवसाचं तेल मुरवायचं. जवसाचं तेल हवेत वाळून थर धरतं आणि ओल आत-बाहेर जाणं मंद करतं. खोबरेल वाळत नाही, ते चिकट राहतं. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

लांबी ठरवायला माप लागत नाही. डोकं तळहातात धरावं, दांडा हाताला समांतर टेकवावा, टोक कोपराच्या लवणीपर्यंत आलं की झालं. बारीक कामाच्या हातोडीचा दांडा त्याहून आखूड चालतो. मग धरण्याची जागा आडव्या छेदात गोल न ठेवता अंडाकृती करायची. डोळे मिटून हातात घेतली तरी तोंड कुठे आहे हे बोटांना कळतं. वार्निश असेल तर खरवडून काढायचं, घामानं ते निसरडं होतं. एवढं केलेली हातोडी घरातल्या दुसऱ्या कुणाला नीट वाटत नाही, आणि ती तशी वाटूही नये.

यंत्रांचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो थोडक्यातच घ्यावा असा आहे. हवेच्या दाबाची खिळेमार बंदूक प्लायवुडची कपाटं झरझर जोडते. जोडू द्यावी. पण या हवेत ते बारीक खिळे गंजतात, कपाटाच्या कडा फुगतात, आणि दुरुस्तीला आलेला माणूस पुन्हा पटाशी आणि हातोडीच काढतो. सागाची चौकट कुसू-भोकानं जोडणारी बंदूक अजून कुणी आणलेली नाही.

यापेक्षा मला जास्त खटकतं ते एक वेगळं म्हणणं: हत्याराचे हे चोचले परदेशी हौशी लोकांचे आहेत, आपले जुने सुतार वाकसाच्या पाठीनंच सगळं ठोकायचे. पहिली गोष्ट, वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. खरंच, वाकसाला मागे ठोकायचं तोंड असतं आणि जुन्या सुतारांनी त्यानं खूप काम केलं. पण ते वाकस कुठल्या पेटीतून आलेलं नव्हतं. बलुतेदारीच्या गावात सुतार लोहाराकडे जाऊन ते आपल्या हातासाठी घडवून घ्यायचा, दांडा स्वतः घालायचा, तुटला तर स्वतः बदलायचा. गावातल्या कुऱ्हाडी, कुदळी, फावड्यांचे दांडेही तोच घालून द्यायचा. ज्याला आज परदेशी हौस म्हणतात ते इथल्या सुताराचं रोजचं काम होतं.

दुसरी गोष्ट, हा मुलूख. औंढ्याहून भाजे आणि कार्ले काही लांब नाहीत. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातलं मानतात, कार्ल्याचं पहिल्या शतकाच्या आसपासचं. दोन्हीकडे दगडी छताखाली लाकडी कमानी बसवलेल्या आहेत, आणि कार्ल्याच्या मूळच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार पावसाळे सोसून आजही जागेवर आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाची आहे. भाज्याच्या कमानींवर तर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली. दगडात खाचा करून त्यात वाकवलेली लाकडी फासळी बरोबर बसवायची, तीही इतक्या उंचीवर, हे अंदाजानं ठोकाठोकी करणाऱ्यांचं काम नव्हे. आणि कार्ल्याच्या दर्शनी भागावरच्या एका शिलालेखात धेनुकाकट या ठिकाणच्या एका वढकीचं, म्हणजे सुताराचं, नाव आहे: सामि, वेणुवासाचा मुलगा. त्यानं लेण्याचं मुख केलं असं तो लेख सांगतो. त्याच दर्शनी भागावर धेनुकाकटाच्या एका गंध विकणाऱ्याचंही नाव आहे, दाता म्हणून. सुताराचं नाव त्याच्या कामासाठी आहे. सामिच्या पेटीत काय होतं हे आपल्याला माहीत नाही आणि त्याबद्दल मी काही रचून सांगणार नाही. पण ज्या मुलखात सुताराचं काम एवढ्या मानानं दगडावर नोंदलं गेलं, तिथे उभं राहून हत्याराची निगा परदेशी आहे असं म्हणणं मला सहन होत नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. ठेकेदार म्हणतात, प्रत्येक पोराला वेगळी हातोडी कुठून द्यायची, आमच्याकडे एक पेटी असते, जो येईल तो उचलतो. याला उत्तर सोपं आहे. पेटीतली जड यंत्रं सामायिक ठेवा, करवत यंत्र ठेवा, बंदूक ठेवा. हातोडी आणि मोगरी ज्याची त्याला द्या. हातोडीचं डोकं एका माणसाला जन्मभर पुरतं. बदलतो तो दांडा, आणि तो वखारीतल्या तुकड्यातून अर्ध्या दिवसात होतो. तो अर्धा दिवस पगारी धरा. पहिल्याच आठवड्यात वाकलेल्या चुका, चिरलेल्या पट्ट्या आणि चंद्रकोरी लपवायला भरलेली पुट्टी यांचा हिशेब मांडून पाहा. दुकानदारांनाही एक सांगणं आहे. पुण्याच्या बोहरी आळीपासून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत हातोडी बहुधा दांड्यासकटच गिऱ्हाइकासमोर ठेवली जाते. २०० आणि ३०० ग्रॅमची क्रॉस पीन डोकी बिनदांड्याची ठेवा, शेजारी धामणाचे किंवा बाभळीचे न घासलेले, जाडसर दांडे ठेवा, आणि घेणाऱ्याला आपल्या हातापुरते छिलून घेऊ द्या.